पान सेव्ह करणं वेगळं, सर्व्हरवर चढवणं वेगळं

पंचवटीत आमच्या ओळखीच्या एका काकूंचा यात्री निवास आहे. बारा खोल्या, वर गच्ची, रामकुंड चालत सात-आठ मिनिटांवर. २०२७ च्या सिंहस्थाच्या तयारीत रंग झाला, नव्या गाद्या आल्या, पाण्याची टाकी बसली आणि भाच्याने हौसेने चार पानांची वेबसाइटही करून दिली. मग भाचा नोकरीसाठी पुण्याला गेला. महिन्याभराने काकूंचा मला फोन. "मी भाडं बदललं रे. सेव्ह केलं. दहादा सेव्ह केलं. माझ्याकडे नवं दिसतंय, पण लोक फोन करून जुनंच भाडं सांगतायत."

काकूंनी केलेलं सगळं बरोबर होतं, एक पायरी तेवढी राहिली होती. पान सेव्ह झालं ते त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर. यात्रेकरू जे पान बघत होते ते शेकडो मैलांवरच्या सर्व्हरवर, म्हणजे वेबसाइट जगाला दाखवणाऱ्या कॉम्प्युटरवर, पडून होतं आणि त्याला या बदलाचा पत्ताच नव्हता. वेबसाइटच्या प्रत्येक पानाच्या दोन प्रती असतात, एक तुमच्या घरी आणि एक सर्व्हरवर. सेव्ह केल्याने घरची प्रत बदलते, अपलोड केल्यावर सर्व्हरवरची. पुढे ज्या सेटिंग्ज सांगतो आहे त्या सगळ्या या दोन प्रती एकमेकींना धरून राहाव्यात म्हणून आहेत. आणि एक गोष्ट आजच मनाशी पक्की करा: मूळ प्रत घरची. सर्व्हरवरची तिची नक्कल. बदल करायचा तो नेहमी घरी, मग वर पाठवायचा.

हे सगळं साध्या एचटीएमएल पानांच्या वेबसाइटसाठी आहे. तुमची साइट वर्डप्रेसवर असेल तर तिथे तुम्ही थेट सर्व्हरवरच लिहिता, 'पब्लिश' दाबलं की काम होतं, तेव्हा यातलं बरंचसं तुम्हाला लागणार नाही. मी दोन सॉफ्टवेअर धरून चाललो आहे. पानं लिहायला नोटपॅड प्लस प्लस आणि चढवायला फाइलझिला. दोन्ही फुकट आहेत. ती त्यांच्या अधिकृत साइटवरूनच उतरवा. फाइलझिलाचे 'क्लायंट' आणि 'सर्व्हर' असे दोन प्रकार आहेत, आपल्याला क्लायंट हवा. इन्स्टॉल करताना मधेच दुसरं एखादं सॉफ्टवेअर घ्यायचं का असं विचारलं तर नको म्हणा.

पानं लिहिणं आणि चढवणं एकत्र करणारं ड्रीमवीव्हर वापरत असाल तर नावं बदलतील, काम तेच राहील. तिथे 'मॅनेज साइट्स'मध्ये घरचा फोल्डर आणि सर्व्हर एकाच ठिकाणी नोंदवता येतात, चढवण्याला 'पुट' म्हणतात आणि उतरवण्याला 'गेट'. सेव्ह करताक्षणी आपोआप अपलोड व्हावं अशीही एक खूण त्यात आहे. नवीन माणसाने ती बंदच ठेवावी असं माझं मत आहे. अर्धवट लिहिलेलं पान सवयीने सेव्ह केलं जातं, आणि ते तसंच अर्धवट लोकांसमोर जातं.

पहिली पायरी: सगळ्या साइटसाठी एकच फोल्डर

डी ड्राइव्हवर किंवा डॉक्युमेंट्समध्ये एक फोल्डर करा, नाव समजा 'साइट'. त्याच्या आत आणखी एक, 'फोटो'. वेबसाइटचं प्रत्येक पान आणि प्रत्येक चित्र या फोल्डरच्या आत. डेस्कटॉपवर एक पान, डाउनलोड्समध्ये व्हॉट्सअॅपवरून आलेले फोटो, पेन ड्राइव्हवर जुनी प्रत, अशी पांगापांग असेल तर पुढची एकही पायरी नीट होणार नाही. म्हणून आधी गोळा करा.

नावांचा नियम कडक आहे. या लेखात मी फाइलींची नावं देवनागरीत लिहितोय, तुम्ही ती रोमन लिपीतल्या छोट्या अक्षरांत टाइप करायची. मधे जागा सोडायची नाही, दोन शब्द असतील तर आडवी रेघ. मुखपृष्ठाचं नाव 'इंडेक्स डॉट एचटीएमएल' असंच हवं, कारण कुणी तुमचा पत्ता टाकला की सर्व्हर आधी याच नावाची फाइल शोधतो.

छोट्या अक्षरांचा आग्रह का, तर विंडोजला छोटं आणि मोठं अक्षर सारखंच वाटतं. बहुतेक होस्टिंगचे, म्हणजे वेबसाइटसाठी भाड्याने जागा देणाऱ्यांचे, सर्व्हर मात्र लिनक्सवर चालतात आणि त्यांच्या लेखी ती दोन वेगळी नावं. तुमच्या कॉम्प्युटरवर जी लिंक झकास चालते ती सर्व्हरवर गेल्यावर 'पान सापडलं नाही' म्हणते, आणि कारण असतं एवढंच की कॅमेऱ्याने फोटोच्या शेवटी मोठ्या अक्षरांत 'जेपीजी' लावलेलं असतं आणि पानात तुम्ही छोट्यात लिहिलेलं असतं.

फाइलचं नाव देवनागरीत द्यावंसं वाटतं, मलाही वाटलं होतं. पण पत्ता दुसऱ्याला पाठवताना प्रत्येक देवनागरी चिन्ह टक्क्याची खूण आणि इंग्रजी अक्षर-आकड्यांत बदलून जातं. एका चिन्हाची तीन बाइट्स, प्रत्येक बाइटची तीन अक्षरं, म्हणजे एका चिन्हाची नऊ. 'खोल्या' हा शब्द घ्या. ख, ओकार, ल, पाय मोडायची खूण, य आणि काना अशी सहा चिन्हं. पत्त्यात त्याची ५४ अक्षरांची आगगाडी होते. यात्रेकरूच्या फोनवर अशी लिंक गेली की त्याला ती फसवणुकीची वाटते. डोमेनचं नाव मात्र मराठीत घेता येतं, 'डॉट भारत' ही देवनागरी शेपटी २०१४ पासून मिळते. मराठीची हौस तिथे करा, आणि पानाच्या मजकुरात तर करायचीच आहे.

याच पायरीत आणखी एक काम उरकून घ्या. विंडोज फाइलच्या नावाचा शेवटचा भाग लपवून ठेवतं. तुम्हाला दिसतं 'इंडेक्स डॉट एचटीएमएल', खरं नाव असतं 'इंडेक्स डॉट एचटीएमएल डॉट टीएक्सटी', आणि सर्व्हरला ती साधी मजकुराची फाइल वाटते. फोल्डर उघडून 'व्ह्यू'मध्ये जा आणि 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' वर खूण करा. विंडोज ११ असेल तर 'व्ह्यू', त्यात 'शो', आणि तिथे हीच खूण आहे. आता नाव पूर्ण दिसेल, शेवटी 'टीएक्सटी' असेल तर काढून टाका.

दुसरी पायरी: मराठी अक्षरं जशीच्या तशी सेव्ह व्हावीत म्हणून

मराठीत वेबसाइट करणाऱ्याने सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. इंग्रजी साइटवाल्याचं या सेटिंगकडे दुर्लक्ष झालं तरी खपून जातं, आपलं खपत नाही.

नोटपॅड प्लस प्लस उघडा. 'सेटिंग्ज', त्यात 'प्रेफरन्सेस', डावीकडे 'न्यू डॉक्युमेंट'. तिथे एन्कोडिंगच्या, म्हणजे अक्षरं फाइलमध्ये कशी साठवायची त्या पद्धतीच्या, चौकटीत 'यूटीएफ-८' निवडा. त्याच्याजवळच 'बीओएम'सह असलेला दुसरा पर्याय दिसेल, तो नको. यापुढची प्रत्येक नवी फाइल देवनागरी सामावून घेणारी असेल.

जुनी फाइल असेल तर ती उघडून वरच्या 'एन्कोडिंग' मेनूत बघा. ती 'आन्सी' या जुन्या पद्धतीत असेल तर 'कन्व्हर्ट टू यूटीएफ-८' निवडा. त्याच मेनूत वर नुसतं 'यूटीएफ-८' असंही लिहिलेलं असतं, पण ते निवडल्याने फाइल बदलत नाही. एडिटर तीच फाइल वेगळ्या पद्धतीने वाचायला लागतो आणि समोर कचरा दिसतो. 'कन्व्हर्ट' हा शब्द असलेलीच ओळ घ्या.

मग पानाच्या अगदी सुरुवातीला, 'हेड' सुरू झाल्याबरोबर, पहिली ओळ कॅरसेटची टाका, अक्षरं कोणत्या पद्धतीने वाचायची हे ती ब्राउझरला सांगते: मेटा कॅरसेट बरोबर यूटीएफ-८. ब्राउझर ही ओळ पानाच्या पहिल्या १०२४ बाइट्समध्ये शोधतो. लांबलचक टिप्पणी आणि कीवर्डची यादी वर टाकून ही ओळ खाली ढकललीत तर तिचा उपयोग होईलच असं नाही.

हे चुकलं की काय दिसतं ते एकदा डोळ्यांत साठवून ठेवा, म्हणजे पुढे ओळखता येईल. प्रत्येक मराठी अक्षराच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ दिलेला इंग्रजी 'ए' दिसतो. त्याच्या मागे चार कोपऱ्यांना शेपट्या असलेलं एक गोल चिन्ह किंवा जपानी येनचं चिन्ह, आणि मग आणखी एखादी अनोळखी खूण. पानभर हीच ए-गोल, ए-येन अशी रांग. हे दिसलं तर घाबरू नका. तुमची अक्षरं शाबूत आहेत, ब्राउझर ती चुकीच्या चष्म्यातून वाचतोय. कॅरसेटची ओळ नीट करा, पान पुन्हा चढवा, मराठी परत येईल.

मात्र प्रश्नचिन्हंच प्रश्नचिन्हं दिसू लागली तर गोष्ट गंभीर आहे. फाइल आन्सीमध्ये सेव्ह झाली, त्या पद्धतीत देवनागरीला जागाच नाही, आणि प्रत्येक अक्षराऐवजी खरोखरचं प्रश्नचिन्ह लिहिलं गेलं. ती अक्षरं गेली. बॅकअप नसेल तर पुन्हा टाइप करणं एवढाच मार्ग.

तिसरा प्रकार आपल्याकडे फार. यात्री निवासाचं माहितीपत्रक छापलेलं असतं, त्याचा मजकूर डीटीपीवाल्याकडून आणलेला असतो, आणि तो श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असतो. तिथे अक्षर खरं तर इंग्रजीच असतं, फॉन्ट त्याला मराठी चेहरा देतो. फॉन्ट नसलेल्या फोनवर तो चेहरा उतरतो आणि निरर्थक इंग्रजी अक्षरं उरतात. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर मराठीच दिसणाऱ्या अक्षरांत, बदलून घ्या. त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात. बदलल्यावर जोडाक्षरं, रफार आणि ऱ्हस्व वेलांटी एकेक करून तपासा, चुका नेमक्या तिथेच राहतात. 'त्र्यंबकेश्वर' हा शब्द नीट आला का, हे मी नेहमी पहिल्यांदा बघतो.

एडिटर बंद करण्याआधी 'प्रेफरन्सेस'मधलं 'बॅकअप' पान उघडा. 'बॅकअप ऑन सेव्ह'मध्ये 'व्हर्बोज बॅकअप' निवडलं की दर वेळी सेव्ह करताना आधीची प्रत तारीख-वेळेसह बाजूला ठेवली जाते. एरवी या प्रती पानाच्या शेजारीच एका फोल्डरमध्ये साठतात, आणि मग तो फोल्डरही चुकून सर्व्हरवर जातो. म्हणून तिथेच बॅकअपसाठी साइटच्या बाहेरचा वेगळा फोल्डर ठरवून द्या.

फोटोंचा रस्ता

काकूंच्या साइटवर मुखपृष्ठावरचा गच्चीचा फोटो त्यांना स्वच्छ दिसायचा आणि बाकी जगाला मोडक्या चित्राची खूण. पान उघडून बघितलं तर फोटोचा रस्ता 'सी ड्राइव्ह, यूजर्स, पिक्चर्स' असा लिहिलेला. तो रस्ता काकूंच्या कॉम्प्युटरवर आहे, म्हणून त्यांना फोटो दिसतो. इंदूरच्या यात्रेकरूच्या फोनवर ना काकूंचा सी ड्राइव्ह, ना तो फोटो.

रस्ता नेहमी पान जिथे आहे तिथून सुरू करा. पान 'साइट' फोल्डरमध्ये, फोटो त्याच्या आतल्या 'फोटो'मध्ये, तर रस्ता एवढाच: 'फोटो', तिरपी रेघ, 'गच्ची डॉट जेपीजी'. रेघ पुढे कललेली, म्हणजे वेबच्या पत्त्यात असते ती. विंडोजची मागे कललेली नव्हे. एडिटरमध्ये शोधाची चौकट उघडून 'सी कोलन' शोधा. चारही पानांत एकदाही सापडता कामा नये.

तिसरी पायरी: होस्टिंगवाल्याकडून काय काय मागून घ्यायचं

होस्टचं नाव, युजरनेम, पासवर्ड, फाइल पाठवायची कोणती पद्धत आणि तिचा पोर्ट (सर्व्हरच्या दाराचा क्रमांक), आणि सर्व्हरवरच्या मुख्य फोल्डरचं नाव. या पाच गोष्टी बहुधा होस्टिंग घेतल्यावर आलेल्या पहिल्या ईमेलमध्ये असतात. फाइली चढवायचा पासवर्ड हा होस्टिंगच्या पॅनेलच्या पासवर्डपेक्षा अनेकदा वेगळा असतो. 'पासवर्ड बरोबर टाकतोय तरी घेत नाही' अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी आधी हेच विचारतो. मुख्य फोल्डरला बहुतेक ठिकाणी 'पब्लिक एचटीएमएल' म्हणतात, मधे खाली आडवी रेघ. काही ठिकाणी 'डब्ल्यू डब्ल्यू डब्ल्यू' किंवा 'एचटीडॉक्स' असतं.

पद्धतीबद्दल थोडं. फाइल पाठवायची जुनी रीत म्हणजे एफटीपी. तिचा पहिला मसुदा १९७१ मध्ये अभय भूषण यांनी लिहिला. ते आयआयटी कानपूरमधून शिकून एमआयटीत गेले होते. ही गोष्ट नव्या मुलांना सांगताना मला फार बरं वाटतं, आपण रोज वापरतो त्या कामाच्या मुळाशी आपल्याकडचा माणूस आहे. तेव्हा नेटवर्कवर मोजक्या संस्था होत्या, म्हणून पासवर्ड उघडा पाठवण्यात कुणाला धोका वाटला नाही. आज साध्या एफटीपीने पाठवलेला पासवर्ड वाटेत कुणीही वाचू शकतो. नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या एखाद्या हॉटेलच्या फुकटच्या वायफायवर बसून तर हे अजिबात करू नये.

म्हणून होस्टिंगवाल्याला सरळ विचारा: पासवर्ड आणि फाइली कुलूपबंद पाठवणारी एसएफटीपी पद्धत मिळेल का? मिळत असेल तर तेच घ्या, पोर्ट २२. नसेल तर टीएलएसचं कवच घातलेलं एफटीपी, पोर्ट २१. आज दोन्हीपैकी एकही न देणारा होस्ट भेटला तर मी माझी साइट तिथून हलवीन.

चौथी पायरी: साइट मॅनेजर

फाइलझिला उघडल्यावर वरती होस्ट, युजरनेम, पासवर्डची एक पट्टी दिसते आणि तिथेच सगळं टाकून मोकळं व्हावंसं वाटतं. ती पट्टी सोडून द्या. तिथून जोडलं की दर वेळी दोन्ही बाजूंचे फोल्डर हाताने शोधायला लागतात, आणि नेमक्या तिथेच चुका होतात.

'फाइल' मेनूत 'साइट मॅनेजर' आहे. ते उघडा, 'न्यू साइट' दाबा, ओळखता येईल असं नाव द्या. 'जनरल' पानावर प्रोटोकॉलमध्ये एसएफटीपी निवडा. एफटीपी घ्यावं लागलं तर खाली एन्क्रिप्शनमध्ये 'रिक्वायर एक्स्प्लिसिट एफटीपी ओव्हर टीएलएस' घ्या. आधीपासून निवडलेल्या ओळीत 'इफ अव्हेलेबल' असे शब्द असतात, म्हणजे कवच मिळालं तर ठीक, नाही तर उघड्यावर. 'रिक्वायर' म्हटलं की कवचाशिवाय तो जोडणारच नाही.

होस्ट टाका. त्याच्या पुढे-मागे चुकून मोकळी जागा राहते, विशेषतः ईमेलमधून कॉपी केल्यावर. तेवढी बघा. पोर्टची चौकट रिकामी सोडली तरी पद्धतीनुसार नेहमीचा पोर्ट घेतला जातो.

'लॉगऑन टाइप' कॉम्प्युटर कुणाचा आहे त्यावर ठरवा. घरचा आणि तुमच्या एकट्याचा असेल तर 'नॉर्मल'. दुकानात, जिथे दोन मुलं आणि एक अकाउंटंटही बसतात, तिथे 'आस्क फॉर पासवर्ड'. 'नॉर्मल' घेतलंत तर 'एडिट', 'सेटिंग्ज', 'इंटरफेस', 'पासवर्ड्स' इथे जाऊन मास्टर पासवर्ड लावा. तो नसेल तर साठवलेले पासवर्ड माहीतगार माणसाला सहज वाचता येतात.

आता 'अॅडव्हान्स्ड' पान. बरेच जण हे उघडतच नाहीत, आणि मला विचाराल तर अख्ख्या फाइलझिलात कामाचं पान हेच. 'डीफॉल्ट लोकल डिरेक्टरी'मध्ये 'ब्राउझ' दाबून पहिल्या पायरीत केलेला 'साइट' फोल्डर निवडा. 'डीफॉल्ट रिमोट डिरेक्टरी'मध्ये सर्व्हरवरच्या मुख्य फोल्डरचा रस्ता टाका, सुरुवातीला तिरपी रेघ देऊन. त्याखालच्या 'यूज सिंक्रोनाइज्ड ब्राउझिंग' वर खूण करा.

याने होतं काय, तर पुढच्या वेळी जोडल्याबरोबर डावीकडे तुमचं घर आणि उजवीकडे सर्व्हरवरचं तेच घर समोरासमोर उघडतात. डावीकडे 'फोटो'त शिरलात तर उजवीकडेही 'फोटो' उघडतो. फोटो चुकून मुख्य फोल्डरमध्ये जाणं, पानं 'फोटो'मध्ये जाणं हे प्रकार जवळपास थांबतात. पहिल्या दिवशी सर्व्हरवर 'फोटो' नसेल, म्हणून तो उजवीकडे आधी तयार करून घ्या, नाही तर जोडी जमत नाही.

एवढं झाल्यावर 'कनेक्ट' दाबा. पहिल्या वेळी सर्व्हरची ओळख पटवणारी एक चौकट येते. होस्टचं नाव आपलंच आहे ना हे वाचा, मग होकार द्या. नंतर कधी कारण नसताना 'सर्व्हरची ओळख बदलली' असं आलं तर मात्र थांबा आणि आधी होस्टिंगवाल्याला फोन करा.

पाचवी पायरी: आधी उतरवा, मग चढवा

वरच्या पांढऱ्या पट्टीत 'डिरेक्टरी लिस्टिंग' यशस्वी झाल्याची ओळ आली की तुम्ही आत आहात. उजवीकडे मुख्य फोल्डरच उघडलाय ना ते बघा. त्याच्या बाहेर टाकलेली फाइल जगाला दिसत नाही. बाहेरच्या बाकी फोल्डरांना, मेल आणि लॉग वगैरे, हात लावू नका.

सर्व्हरवर आधीपासून काही असेल तर ते सगळं एकदा घरी उतरवून घ्या, आजच्या तारखेच्या नावाच्या फोल्डरमध्ये. त्यासाठी डावीकडचा फोल्डर बदलावा लागेल. फाइलझिला विचारेल की समोरासमोरची जोडी सोडायची का, तेवढ्यापुरतं हो म्हणा. हे केल्याशिवाय पुढे जाऊ नका, काही बिघडलं तर परत येण्याचा रस्ता हाच.

मग बारा फाइली एकदम नको. एक छोटं पान डावीकडून उजवीकडे ओढा, ब्राउझरमध्ये उघडून बघा, मराठी नीट दिसतंय ना ते तपासा, आणि मगच बाकीची. खालच्या रांगेत तीन कप्पे असतात. त्यातला 'फेल्ड ट्रान्सफर्स' रिकामा आहे ना ते दर वेळी बघा. घरचं नेट मधेच गेलं की दहातले आठ फोटो जातात आणि दोन त्या कप्प्यात पडून राहतात.

तीच फाइल दुसऱ्यांदा चढवली की चौकट येते: ही फाइल तिथे आधीच आहे, काय करू? इथे घाईने 'ओके' करू नका. दोन्ही प्रतींचा आकार आणि तारीख-वेळ त्यात लिहिलेली असते. वर पाठवायची नवी, खाली झाकली जाणारी जुनी, असंच असलं पाहिजे. उलटं दिसलं तर थांबा. दोन वेळांत बरोबर साडेपाच तासांची गफलत दिसली तर सर्व्हर परदेशी घड्याळावर चालतोय. 'अॅडव्हान्स्ड' पानावर ती वेळ जुळवून घ्यायची सोय आहे.

हे मी एवढं जोर देऊन सांगतोय त्याला कारण आहे. दिंडोरीकडच्या एका द्राक्ष रोपवाटिकेची साइट मी सांभाळत होतो. एके दिवशी मालकांचा घाईचा फोन आला, डॉगरिज खुंटाच्या रोपांचा दर बदलायचा आहे. मी बाहेर होतो, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवरून जोडलं, उजवीकडच्या फाइलवर 'व्ह्यू एडिट' करून थेट सर्व्हरवरच दर बदलला. लोकांना नवा दर दिसू लागला, काम झालं. घरच्या प्रतीत तो बदल करायचा राहिला. पंधरा दिवसांनी मी त्याच पानावर एक फोटो टाकला, घरची प्रत चढवली आणि चौकटीत न वाचता 'ओके' दाबलं. जुना दर परत वर गेला. निफाडहून एक शेतकरी तो दर बघून टेम्पो घेऊन आले. मालकांनी शब्द राखला, त्यांना जुन्याच दराने रोपं दिली, आणि तो फरक मी भरून दिला. तेव्हापासून 'व्ह्यू एडिट'ला मी हात लावत नाही. अगदीच अडलं आणि सर्व्हरवर काही बदलावं लागलं, तर त्याच मिनिटाला ती फाइल घरी उतरवून ठेवा.

बदल खरंच दिसतोय का

फाइल गेली, कप्पा रिकामा, तरी ब्राउझरमध्ये जुनंच पान? बहुतेक वेळा ब्राउझरने जुनं पान जवळ साठवलेलं असतं. कंट्रोल दाबून एफ५ दाबा. खरी खात्री फोनवर करायची: वायफाय बंद, मोबाइल डेटा चालू, खाजगी खिडकी उघडून पत्ता टाका. परक्या माणसाला जे दिसेल तेच तुम्हाला दिसेल. चारही पानांवरच्या सगळ्या लिंका एकदा बोटाने दाबून बघा. फोन नंबरची लिंक तर नक्कीच, यात्रेकरू तीच दाबणार आहे.

अडलं तर फाइलझिलाच्या वरच्या पांढऱ्या पट्टीतला आकडा वाचा. ५३० म्हणजे युजरनेम किंवा पासवर्ड चुकला. ५५० म्हणजे ती फाइल किंवा फोल्डर तिथे नाही, किंवा तिथे लिहायची परवानगी नाही. वीस सेकंद वाट बघून 'टाइम्ड आउट' झालं तर होस्टचं नाव आणि पोर्ट पुन्हा बघा. एफटीपीवर लॉगिन होतं पण फाइलींची यादी येत नाही, असं असेल तर 'ट्रान्सफर सेटिंग्ज'मध्ये 'पॅसिव्ह' निवडा. ब्राउझरमध्ये ४०३ आलं तर फाइलवर उजवं क्लिक करून परवानगी तपासा, फाइलीला ६४४ आणि फोल्डरला ७५५. सगळं चालावं म्हणून ७७७ देऊन टाका असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, त्याने लिहिण्याचं दार सगळ्यांना उघडं होतं. आणि ४०४ आलं तर पुन्हा पहिल्या पायरीवर जा, नावातलं अक्षर बहुधा कुठेतरी मोठं राहिलंय.

कॉम्प्युटर बदलला किंवा साइट दुसऱ्याच्या हाती द्यायची झाली, तर 'फाइल' मेनूतल्या 'एक्स्पोर्ट'ने साइट मॅनेजरची सगळी माहिती एका फाइलमध्ये काढता येते. साठवलेले पासवर्डही त्यात जातात, आणि मास्टर पासवर्ड नसेल तर ते जवळपास उघडेच असतात. ती फाइल व्हॉट्सअॅपवर पाठवू नका, पेन ड्राइव्हवर हातोहात द्या आणि काम झालं की पुसून टाका.

काकूंना भाच्याच्या पुण्याच्या कॉम्प्युटरवरही साइट लावून हवी होती, म्हणजे त्या आजारी असल्या तर तो भाडं बदलेल. होस्ट आणि युजरनेम त्यांनी फोनवर सांगितलं, त्याने साइट मॅनेजरमध्ये 'आस्क फॉर पासवर्ड' ठेवून नोंद केली. पासवर्ड काकूंनी एका चिठ्ठीवर लिहून देव्हाऱ्याच्या खणात ठेवला आहे. दिवाळीला तो घरी आला तेव्हा ती चिठ्ठी त्याला वाचायला दिली, आणि मग परत खणात ठेवली.